ओझं टेकायची उंची

पाटणच्या पुढं, जांभूळदऱ्याच्या फाट्यावर
पत्र्याची एक शेड होती.
चार खांब आणि अकरा नावं.
उन्हाळ्यात ती तव्यासारखी तापायची,
आणि आम्ही एसटीची वाट बघत
समोरच्या करंजाखाली उभे.
शेडीत शेळ्या.

एका रात्री जांभ्याच्या ट्रकनं मागं येताना
तिचा निकाल लावला.
शेळ्या सोडून कुणाला वाईट वाटलं नाही.

पंचायतीनं मला बोलावलं:
तू कराडात शिकलीस ना इमारतीचं,
मग काढ काहीतरी. स्वस्तातलं.
पण फोटोत उठून दिसलं पाहिजे.

मी काढलं.
कळकाच्या सात कमानी, पालथ्या बुट्टीसारख्या,
वर गवताची शाकारणी,
मागं कारवीचा कूड, शेणामातीनं लिंपलेला,
खाली जांभ्याचा बाक, ओढ्यासारखा वळत गेलेला.
कागदावर ते इतकं देखणं झालं
की त्यात माणूस काढायचा राहूनच गेला.

सदा बुरूड म्हणाला,
कळक अंधाऱ्या पाखात तोडायचा,
मग महिनाभर ओढ्यात बुडवून ठेवायचा.
त्याची गोडी पाण्यात गेली
की भुंगा फिरकत नाही.
सरपंच म्हणाले, महिना? अहो, उद्घाटनाची तारीख ठरलीय.
सदा म्हणाला, मग भुंग्यालाच बोलवा फीत कापायला.

कळक बुडाला.
महिनाभर ओढ्याला शिळ्या पेजेचा वास.

खुंट्या ठोकत होतो त्या सकाळी
ठकूबाई झोरे पठारावरून उतरली,
डोक्यावर हिरड्याचं पोतं.
फक्कीनं आखलेल्या बाकाकडं बघून म्हणाली, ह्ये काय?
बसायला, मी म्हटलं.
बसू कशी?
ह्ये खाली ठिवलं तर परत डोईवर कोण दील?
तू असतीस व्हय रोज हितं?

पाच वर्षं मी ह्याच फाट्यावर उभी राहिले होते.
पण माझं दप्तर पाठीवर होतं.

यल्लप्पा वडारानं खिशातनं सुतळी काढली,
तिच्या टाचेपासून कानाच्या पाळीपर्यंत ताणली,
आणि एक गाठ मारली.
पोतं तसंच डोक्यावर, मान ताठ,
शिंप्याला माप देताना उभं राहावं तशी ती
हसू दाबत उभी.
मग बाजाराला निघालेल्या आणखी तिघींना थांबवलं.
सुतळीवर चार गाठी झाल्या,
बोटा-दोन बोटांच्या अंतरानं.
यल्लप्पा म्हणाला, सगळ्यात बुटकीची धरू.
उंच बाई वाकंल, बुटकी वाढायची न्हाई.

माझ्या नकाशात तो ओटा कुठंच बसत नव्हता.
दोन कमानी खोडल्या. कूड मागं सरकवला.
चुना, गूळ आणि तिच्याच पोत्यातल्या
हिरड्याच्या पाण्यात
यल्लप्पानं ताशीव जांभा बसवला,
कडा गोल केल्या, पोतं फाटू नये म्हणून.

पाठ दगडाला लावायची,
गुडघे जरासे वाकवायचे,
ओझं आपसूक मागं सरकतं.
गाडीचा हॉर्न वळणावर वाजला
की पुन्हा डोकं त्याच्याखाली न्यायचं.
एवढंच.

नावांच्या पाटीचा विषय निघालाच.
सदा म्हणाला, खिळा मारला की कळक उलतो.
खरं तर बांधता आली असती. त्यानं सांगितलं नाही,
मीही नाही.
उद्घाटनाच्या फोटोत पाच कमानी आल्या, हार आले, फेटे आले.
ओटा आला नाही.
त्याच्यापुढंच सगळे उभे होते.

कंडक्टर आता फाट्याचं नाव घेत नाहीत.
बुट्टी! म्हणतात, चला, बुट्टीवाले उतरा.
पहिल्या वर्षी शाकारणी एका कोपऱ्यात गळली,
तिथं सदानं नवं गवत घातलं,
ते अजून पिवळं, ठिगळासारखं दिसतं.

गेल्या मंगळवारी मी उतरले
तेव्हा माझ्या वळणदार बाकावर
एक कुत्रं झोपलं होतं.
ओट्यावर एक पोतं, एक मोळी,
कुणाचं तरी दप्तर,
आणि शेजारी ठकूबाई,
सुटलेला अंबाडा बांधत,
दोन्ही हातांनी.